प्रॉन्ग्ज दीपगृह: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई बंदराच्या तोंडावर भर पाण्यात उभ्या असलेल्या या दीपगृहाबद्दल नांदेड, लातूर, परभणी, बीड, जालना या भागांतून सतत प्रश्न येतात. विचारणारे मुख्यतः तीन प्रकारचे: सहल आखणारे शिक्षक, स्पर्धा परीक्षेची पोरं, आणि अलिबागजवळच्या मांडव्याच्या बोटीतून तो मनोरा पाहून आलेले लोक. वाचणाऱ्यानं समुद्र पाहिलेलाच नाही असं धरून उत्तरं लिहिली आहेत. भरती-ओहोटी माहीत असेल तर प्रश्न ९ सोडून द्या.

१. नकाशात हे दीपगृह मुंबईच्या बाहेर पाण्यातच दिसतंय. नेमकं कुठं आहे?

नकाशा बरोबर आहे. मुंबई शहराचं दक्षिण टोक म्हणजे कुलाबा. त्या टोकापासून खडकांची एक रांग पाण्याखालून पुढं समुद्रात गेलेली आहे. तिच्या बाहेरच्या अंगाला हा मनोरा उभा आहे.

जागा तीच का, हे नकाशावर बोट ठेवलं की समजतं. मुंबईच्या गोद्या शहराच्या पूर्व बाजूला आहेत आणि जहाजं येतात पश्चिमेकडून, अरबी समुद्रातून. म्हणजे प्रत्येक जहाजाला कुलाब्याच्या टोकाला वळसा घालूनच आत शिरावं लागतं. वळण आखूड घेतलं की जहाज खडकावर. न्हावा शेवा बंदराला जाणारी कंटेनर जहाजंही याच तोंडातून आत जातात.

२. "प्रॉन्ग्ज" हे कुणा साहेबाचं नाव आहे का?

नाही. प्रॉन्ग म्हणजे काट्याचा दाता. शेतात काडीकचरा ओढायचं दाताळं डोळ्यांसमोर आणा. खडकांचे सुळके तसे पाण्यात पसरलेले आहेत, म्हणून हे नाव. कोळी लोक अशा पाण्याखालच्या खडकाळ भागाला खडप म्हणतात. नाव मुळात खडकाचं आहे, मनोऱ्याला ते नंतर चिकटलं.

३. कधी बांधलं, कुणी बांधलं, खर्च किती आला? परीक्षेसाठी हवंय.

वर्ष १८७५. अभियंता थॉमस ऑर्मिस्टन. खर्च ६,२०,२५५ रुपये. मुंबईची प्रिन्सेस डॉक ही गोदीही याच ऑर्मिस्टनच्या आराखड्याची आणि ती १८८० मध्ये पुरी झाली. मुंबईचा पोर्ट ट्रस्ट १८७३ चा. सीएसएमटीची इमारत पूर्ण झाली १८८८ मध्ये, म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसमधून तुम्ही जिथं उतरता त्या इमारतीपेक्षा हे दीपगृह १३ वर्षांनी थोरलं.

एक सापळा लक्षात ठेवा. "मुंबई परिसरातलं सगळ्यांत जुनं दीपगृह कोणतं" या प्रश्नाला प्रॉन्ग्ज हे उत्तर चालत नाही. खांदेरीचं दीपगृह १८६७ चं आहे (प्रश्न १३ पाहा), आणि कुलाब्याच्या जमिनीवर त्याच्याही आधी एक दीपगृह होतं. प्रॉन्ग्ज पेटल्यावर त्याचं काम संपलं.

४. उंची किती? कुठं एक आकडा दिसतो, कुठं दुसरा.

चाळीस मीटरच्या थोडं वर. आकडे वेगळे दिसतात कारण मोजायच्या जागा वेगळ्या असतात: कुणी पायापासून घुमटापर्यंत मोजतो, कुणी समुद्रपातळीपासून दिव्याच्या मध्यापर्यंत. जहाजाच्या कामाचा दुसरा. आपल्या अंगणातलं माप हवं असेल तर दौलताबादचा चांद मिनार सुमारे ६३ मीटर आहे. प्रॉन्ग्ज त्याच्या दोनतृतीयांश.

"मग अजून उंच का नाही बांधलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. फार उंचावरचा दिवा धुक्यात आणि खालच्या ढगांत गडप होतो. शिवाय मनोरा जितका उंच, तितकी लाटांची आणि वाऱ्याची ढकल पायावर जास्त.

५. आमच्या देवळापुढं दीपमाळ असते, तसंच ना हे?

दोन्हींत उंचावर दिवा असतो, साम्य तिथंच संपतं. दीपमाळ लांबच्या माणसाला सांगते, देऊळ इथं आहे, या. प्रॉन्ग्ज सांगतं, इथं खडक आहे, लांबून जा. दीपगृहाचा उजेड वाट दिसावी म्हणून नसतोच. त्या उजेडात समोरचं पाणी दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते. खलाशाला फक्त "मी या खुणेपासून कोणत्या दिशेला आहे" एवढं कळलं की बाकीचं काम नकाशा आणि होकायंत्र करतात.

दुसरा फरक उजेडाचा. दीपमाळेच्या पणत्यांचा उजेड वर, खाली, चहूकडं सांडतो. दीपगृह तो गोळा करून आडव्या पट्ट्यात फेकतं (प्रश्न ८).

क्लासच्या पाट्यांवर "यशाचा दीपस्तंभ" लिहितात ते चालू द्या, पण बंदराच्या तोंडावरच्या दिव्याकडे कुणी सरळ चालत जात नसतं.

६. दिवा किती लांबून दिसतो? कुठं ३७ किलोमीटर लिहिलंय, कुठं ४२.

मूळ आकडा २३ सागरी मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे साधारण ४२.६ किलोमीटर. कुणीतरी जमिनीवरचा मैल (१,६०९ मीटर) धरून गुणाकार केला की ३७ येतात. घोळ एवढाच.

हा २३ चा आकडा मात्र किनाऱ्यावर उभ्या माणसासाठी नाही. पृथ्वी गोल असल्यामुळं दिवा किती दूरवरून दिसेल हे दिव्याच्या उंचीवर आणि बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठरतं. हिशेब असा: दोन्ही उंचींची मीटरमध्ये वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.०८ नं गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं.

दिवा ४१ मीटरवर धरला तर वर्गमूळ ६.४. जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथं), २० मीटरवर उभ्या अधिकाऱ्याचं ४.४७. बेरीज १०.८७, गुणिले २.०८, उत्तर २२.६. म्हणजे तेच २३. आता वाळूत उभा माणूस घ्या, डोळे १.६ मीटरवर: उत्तर जेमतेम १६ सागरी मैल, म्हणजे साडेएकोणतीस किलोमीटर. दहावीच्या मुलांना वर्गमुळाचा उपयोग दाखवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण क्वचित मिळेल. हवेत बाष्प किंवा धूर असला की हे अंतर आणखी घटतं, तिथं सूत्राचं काही चालत नाही.

७. रात्री सगळे दिवे सारखेच दिसणार. मग हे प्रॉन्ग्जच आहे हे खलाशाला कळतं कसं?

लयीवरून. प्रत्येक दीपगृहाला उघडझापीची स्वतःची लय ठरवून दिलेली असते: दर इतक्या सेकंदांनी एक झोत, किंवा दोन झोत लागोपाठ आणि मग अंधार. शेजारशेजारच्या दोन दिव्यांची लय मुद्दाम वेगळी ठेवतात. खलाशी स्टॉपवॉच घेऊन एका झोतापासून पुढच्या झोतापर्यंतचा वेळ मोजतो, तोही एकदा नव्हे, चार-पाच फेऱ्या, आणि दिव्यांच्या यादीशी ताडून पाहतो. मध्ये लाट आडवी आली की एखादा झोत चुकतो आणि दहा सेकंदांचा दिवा वीसचा वाटतो. नवशिक्यांची नेहमीची चूक तीच.

दिवसा हे काम रंग करतो. मनोऱ्यावरचे रंगीत आडवे पट्टे शोभेसाठी नाहीत. मागं इमारतींची गर्दी असताना मनोरा उठून दिसावा आणि दुसऱ्या मनोऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून ते आहेत.

बंदरात पुढं गेल्यावर बोया, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, लागतात. भारतात बंदरात शिरताना लाल खूण डावीकडं आणि हिरवी उजवीकडं ठेवायची. बाहेर पडताना अर्थातच उलट.

८. रॉकेलच्या दिव्याचा उजेड इतक्या लांब जायचा कसा?

दोन गोष्टींमुळं. पहिली, दिवाच जोरदार असायचा. वरातीत डोक्यावर घेतात ती गॅसबत्ती आठवा: हवा भरून रॉकेलवर दाब, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ, आणि वाफेच्या ज्योतीत पांढरं फटक तापलेलं जाळीचं मेंटल. जुन्या दीपगृहांत याच तत्त्वाचा मोठा बर्नर असे. दुखणीही तीच. नोझलमध्ये काजळी अडकली की पिन मारा, मेंटलला बोट लागलं की भुगा.

दुसरी आणि खरी करामत भिंगाची. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२० च्या दशकात ते आणलं. एकसंध जाड भिंग केलं असतं तर त्याचं वजन मनोऱ्याला झेपलं नसतं आणि जाड काचेत उजेडही मुरला असता. फ्रेनेलनं मधली फालतू काच काढून टाकली आणि भिंगाच्या वक्र कडा तेवढ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांत ठेवल्या. मधल्या कड्या उजेड वाकवतात, वरखालचे लोलक तो आतल्या आत परतवून आडवा काढतात. पहिल्या श्रेणीच्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंतचं अंतर ९२० मिलिमीटर, म्हणजे आत माणूस उभा राहून फडकं मारू शकतो.

लय कुठून यायची? भिंगाला चार तोंडं असली आणि ते ४० सेकंदांत एक फेरी फिरलं, की दर १० सेकंदांनी एक झोत. दिवा विझत नाही, भिंग फिरतं. काही टनांचं ते धूड फिरावं म्हणून मोठ्या दीपगृहांत ते पाऱ्याच्या गोल चरात तरंगत ठेवत. बोटानं ढकललं तरी हलायचं. ओढ द्यायला मनोऱ्याच्या पोटात लोंबकळणारं वजन असे. पोहऱ्यासारखं ते खाली उतरायचं आणि ठरावीक तासांनी रखवालदारानं चावी फिरवून वर ओढायचं. पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून आता तो काढून टाकण्याकडं कल आहे.

दिवसा भिंगावर पडदे ओढतात, तेही विनाकारण नाही. जे भिंग आतला उजेड बाहेर फेकतं तेच बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर आणतं. पडदा विसरला की बर्नर जळालाच म्हणून समजा.

९. भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? आमच्याकडं भिंतीवर फक्त कालदर्शिका आहे.

तेवढी पुरते. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी: ४ × ¾ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या आसपास भरती. पंचमीला पावणेचार. अष्टमीला ६. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरा, सव्वाअकरा येतात. पक्ष कोणताही असो, नियम तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. तासभर इकडंतिकडं होतं, म्हणून जिवाच्या कामाला छापील भरती-तक्ताच पाहा.

नियम चालतो याचं कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागं. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, जवळपास तेवढंच.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोन्हींतला फरक कमी असतो, ते भांग.

आता धोका समजून घ्या. पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. बाराव्या हिश्श्यांचा हिशेब असा: पहिल्या तासात १ हिस्सा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. एकूण चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात फक्त ३० सेंटीमीटर, पण तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून १.८ मीटर. विहिरीच्या भाषेत दोन तासांत परसभर पाणी. पहिल्या तासात घोट्याएवढं पाहून "अजून वेळ आहे" म्हणणारा माणूस इथंच फसतो.

१०. ओहोटीत दीपगृहापर्यंत चालत जाता येतं म्हणे. जावं का?

जाऊ नका. ओहोटीत खडक उघडे पडतात ही गोष्ट खरी आणि जुन्या वर्णनांत चालत जाण्याचा उल्लेखही येतो. पण जमिनीकडची बाजू नेव्ही नगर, म्हणजे लष्करी हद्द आहे. परवानगीशिवाय तिथून पुढं जाताच येत नाही. ड्रोनचाही विचार सोडा.

परवानगी असती तरी हिशेब वाईटच आहे. सगळ्यांत खोल ओहोटी उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची. त्या दिवसांत भरती साडेअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. संध्याकाळी निघालात तर परत येताना अंधार, शेवाळलेले खडक आणि प्रश्न ९ मधलं परसभर पाणी.

११. मग बघायचं कुठून?

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीतून. सीएसएमटीहून गेटवे अडीचेक किलोमीटर, टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. तपोवननं रात्री पोचत असाल तर मुक्काम करा. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसनं सकाळी उतरलात तर त्याच दिवशी जमतं.

बोट दक्षिणेकडं जाते, म्हणून जाताना उजव्या बाजूला बसा, येताना डाव्या. जायचं सकाळी. तेव्हा ऊन तुमच्या मागून, पूर्वेकडून मनोऱ्यावर पडतं आणि पट्टे स्पष्ट दिसतात. दुपारनंतर सूर्य मनोऱ्याच्या मागं जातो, नुसती काळी काठी उरते. हलत्या बोटीवर फार ताकदीची दुर्बीण निरुपयोगी, ७ × ५० पुरे.

हार्बरच्या आत संक रॉकचं दीपगृहही लागतं, १८८४ चं. अनेक जण त्यालाच प्रॉन्ग्ज समजून फोटो पाठवतात. प्रॉन्ग्ज आणखी पलीकडं, उघड्या समुद्राच्या बाजूला असतं.

पेटलेला दिवा पाहायचा तर मांडवा किंवा किहीमला मुक्काम करा आणि स्वच्छ हवेच्या रात्री वायव्येकडं बघा. मांडव्याहून सरळ रेषेत बारा-एक किलोमीटर पडतं. पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) मिळते.

१२. लेकरांना जिना चढून वर जायचंय. कोणतं दीपगृह?

प्रॉन्ग्ज नाही. अलिबाग-मुरूड रस्त्यावरचं कोर्लई किंवा रत्नागिरीत रत्नदुर्गाजवळचं दीपगृह धरा. आत सोडायची वेळ ठरलेली असते, बहुतेक ठिकाणी दुपारनंतर थोडेच तास. वेळ विचारल्याशिवाय पन्नास पोरांची बस नेऊ नका. जिना गोल आणि अरुंद असतो, दहा-बाराच्या तुकड्या करा. वर शेवटचा टप्पा उभ्या शिडीचा असतो, तिथं एक मोठं माणूस वर आणि एक खाली.

१३. खांदेरी आणि प्रॉन्ग्ज एकच का?

वेगळी. खांदेरी हे अलिबागजवळच्या थळच्या समोरचं बेट. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथं किल्ल्याचं काम सुरू केलं. १८६७ चं दीपगृह त्याच बेटावर आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं, त्यामुळं काही नकाशांत "कान्होजी आंग्रे दीपगृह" असं दिसतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे. प्रॉन्ग्जला किल्ला नाही, बेट नाही, पायाखाली फक्त खडक.

१४. दीपगृह कोण सांभाळतं?

देशातली बहुतेक दीपगृहं केंद्राच्या दीपगृह आणि दीपपोत महासंचालनालयाकडं आहेत. मुख्यालय नोएडाला. प्रॉन्ग्ज मात्र मुंबई बंदर सांभाळतं. कायदा आधी १९२७ चा होता, आता २०२१ चा सागरी दिशादर्शन साधनांचा कायदा आहे. जुन्या गाइडमध्ये अजून १९२७ च छापतात.

१५. दिवा बंद पडला तर काय होतं?

आधी बंद का पडतो ते. काचेवर खाऱ्या तुषारांचा पापुद्रा बसतो आणि उजेड मंदावतो. सौर पॅनेलवर पक्ष्यांची घाण साचते. जोडण्यांना गंज चढतो. बॅटऱ्या पावसाळी ढगाळ आठवड्यांत उतरतात, आणि नेमकी तेव्हाच बोट मनोऱ्याला लावता येत नाही. म्हणून राखीव दिवा असतोच.

तरीही दिवा गेला तर जहाजांना रेडिओवरून इशारा जातो आणि बिघाड लांबला तर नकाशा वापरणाऱ्यांसाठी छापील सूचना निघते. ही सूचना आणि भारताचे सागरी नकाशे काढणारं कार्यालय देहरादूनला आहे. समुद्र त्यांच्यापासून आपल्याहून लांब.

१६. दीपगृह असताना २०१० मध्ये जहाजं आदळली कशी?

७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडून प्रॉन्ग्जच्या जवळच रुतली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, वाहतूक काही दिवस थांबली. दीपगृह खडक कुठं आहे ते सांगतं, समोरचं जहाज कुठं वळतंय ते नाही. त्यासाठी रडारवरचं नियंत्रण, रेडिओ आणि बंदराचा पायलट (जहाजावर येऊन वाट दाखवणारा) असतो.

१७. जीपीएस असताना याची गरज काय?

जीपीएसचा आकडा चुकू शकतो आणि मुद्दाम चुकवताही येतो. खिडकीतून दिसणारा मनोरा पडद्यावरच्या ठिपक्याशी जुळतो का, हे बघणारा अधिकारी चूक लवकर पकडतो. छोट्या मासेमारी होड्यांचा तर आजही यावर भरवसा आहे.

१८. जालन्यात ड्राय पोर्ट आहे म्हणतात. मग तिथं दीपगृह होणार का?

नाही. ड्राय पोर्ट म्हणजे कंटेनर भरायची, सीमाशुल्काचे कागद करायची आणि रेल्वेनं पुढं धाडायची जागा. पाण्याचा संबंध नाही. पण त्या कंटेनरमधली सरकी पेंड किंवा सळई न्हावा शेव्याला जहाजावर चढली, की बंदराबाहेर पडताना प्रॉन्ग्जच्या समोरूनच जाते.